नाताळात आणलेलं पॉइन्सेटिया दुसऱ्या वर्षी पुन्हा लाल कसं करायचं?

कोथरूडची गॅलरी

गेल्या डिसेंबरात आणलेलं लाल पॉइन्सेटिया अजून सहा इंची कुंडीतच आहे. झाड तब्येतीनं चांगलं आहे, पण पूर्ण हिरवं. चार फांद्या सरळसोट वर गेल्या आहेत, उंची अडीच फूट, खालचा निम्मा भाग उघडा. आणलं तेव्हा जेमतेम फूटभर उंच आणि गच्च भरलेलं होतं.

गॅलरी पूर्वेची, तिसरा मजला. ऊन साडेदहापर्यंत. समोर पंधरा-वीस फुटांवर सोसायटीचा एलईडी दिवा रात्रभर जळतो. हॉलचे दिवे साडेअकरापर्यंत चालू असतात आणि काचेच्या दारातून उजेड गॅलरीत पडतो.

प्रश्न असे:
१. आता ऑगस्टचा शेवटचा आठवडा चालू आहे. आत्ता छाटलं तर चालेल का, की उशीर झाला?
२. बाहेरच्या देशांतले व्हिडिओ सांगतात की १ ऑक्टोबरपासून रोज चौदा तास खोक्याखाली ठेवा. पुण्यात हे खरंच लागतं का?
३. फुलांसाठीचं खत कधी सुरू करायचं?
४. दिवाळीत गॅलरीत आकाशकंदील आणि माळा लागणारच. त्याचं काय करू?

मातीचे हात

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण बाकीची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत.

पॉइन्सेटियाची लाल दिसतात ती फुलं नव्हेत, फुलांच्या खालची पानं आहेत. खरी फुलं म्हणजे मधोमध असलेले पिवळे-हिरवे बारके गोळे. ते धरले की त्याखालची पानं लाल निघतात. आणि ते धरायचे की नाही, हे झाड रात्रीच्या लांबीवरून ठरवतं. सलग काळोख साधारण बारा तासांच्या पुढे गेला आणि तसा रोज मिळत राहिला की शेंड्याची वाढ पानांकडून फुलांकडे वळते. तिथून पूर्ण रंग यायला आठ ते दहा आठवडे.

आता भूगोल बघा. हे झाड मेक्सिकोचं. तिथल्या गेरेरो राज्यातला ताश्को गावाचा डोंगराळ भाग साडेअठरा अक्षांशावर येतो. पुणेही साडेअठरावरच. म्हणजे या झाडाला वर्षभर जशा लांबीच्या रात्री हव्यात, तशाच पुण्यात पडतात. १ ऑक्टोबरला आपल्याकडे दिवस आणि रात्र जवळपास सारखे असतात, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रात्र तेरा तासांची होते. संधिप्रकाश वजा केला तरी ऑक्टोबरच्या मध्यापासून झाडाला पुरेसा इशारा मिळतो. जुन्या बंगल्यांच्या कुंपणाला लावलेली उंच पॉइन्सेटिया कुणी खोक्याखाली ठेवत नाही, तरी थंडीत लाल होतात ती यामुळेच.

तेव्हा चौदा तास हा आकडा डोक्यातून काढा. तो खात्रीसाठी ठेवलेला आहे, झाडाची किमान गरज तेवढी नाही. तुमच्याकडे अडचण काळोखाच्या लांबीची नाही, तो मध्येच तुटतो ही आहे. समोरचा दिवा रात्रभर आणि हॉलचा उजेड साडेअकरापर्यंत, म्हणजे झाडाच्या हिशेबानं गॅलरीत बाराही महिने उन्हाळाच आहे. मोठे उत्पादक ज्या मातृझाडांपासून कटिंग घेतात, त्यांना फुलं येऊ नयेत म्हणून थंडीत मुद्दाम रात्री दहा ते दोन दिवे लावतात. तुमच्या सोसायटीनं तीच सोय फुकट केली आहे.

छाटणीबद्दल: उशीर झालेला नाही, पण याच आठवड्यात करा. प्रत्येक फांदी वरून एक तृतीयांश ते निम्मी कापा, मात्र कापल्यावर फांदीवर निदान चार-पाच पानं उरली पाहिजेत. पार उघडं खोड ठेवू नका. पानं नसलेलं झाड पाणी ओढत नाही, कुंडी दिवसेंदिवस ओली राहते आणि पावसाळी हवेत मुळं सडतात. काप फांदीवरच्या डोळ्याच्या (जिथून नवा फुटवा येतो त्या जागेच्या) वर पाव इंचावर घ्या. पांढरा चीक येईल, ओलं फडकं दाबून धरा, थांबतो. हातमोजे घाला आणि तो हात डोळ्याला लावू नका. चीक लागून काहींना खाज सुटते, डोळ्यात गेला तर चांगलाच झोंबतो. झाड जहाल विषारी असल्याची जी ख्याती आहे ती मात्र अवास्तव आहे.

दोन-तीन आठवड्यांत प्रत्येक फांदीवर तीन-चार फुटवे येतील. सगळ्या झाडावर मिळून त्यातले जाड पाच-सहा ठेवा, काडीसारखे बारीक काढून टाका. फुटवे जास्त ठेवले की लाल पानं लहान राहतात. १० सप्टेंबरनंतर शेंड्याला हात लावायचा नाही. लोक नेमके इथे फसतात. सप्टेंबरच्या शेवटी झाड थोडं वेडंवाकडं दिसतं, म्हणून नीट करायला जातात आणि जिथे फूल धरायचं तोच शेंडा खुडून टाकतात.

झाड उंच का झालं, तर विकायच्या आधी त्याला वाढ रोखणारं औषध दिलेलं असतं. त्याचा अंमल काही महिन्यांत उतरतो आणि झाड आपल्या मूळ स्वभावावर येतं. त्यामुळे दुसऱ्या वर्षी दुकानातल्यासारखा गच्च फूटभराचा गोळा मिळणार नाही. दीड-दोन फुटी, जरा मोकळं, पाच-सहा लाल शेंड्यांचं झाड मिळेल. माझ्या मते ते जास्त देखणं दिसतं.

कुंडी सहाची आठ इंची करा. या दिवसांत मुळं मोकळी करू नका, मातीचा गोळा अख्खा उचलून नव्या कुंडीत बसवा आणि कडेनं माती भरा. दोन भाग पोयटा, दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग जाड वाळू किंवा परलाइट (पांढरे हलके खडे), वर मूठभर निंबोळी पेंड. खाली बशी ठेवत असाल तर पावसाळा संपेपर्यंत काढून टाका.

खारी हवा, ठाणे

वरचं सगळं पुण्यासाठी बरोबर आहे. मुंबई-ठाणे-कोकण-गोव्याकडच्यांनी एक गोष्ट वेगळी धरावी लागते, ती म्हणजे रात्रीचं तापमान.

फूल धरताना रात्री १६ ते २१ अंश असेल तर काम झकास होतं. २३-२४ च्या वर रात्र राहिली तर काळोख पुरेसा असूनही शेंडा अडून बसतो. ऑक्टोबर हीटमध्ये आमच्याकडे रात्रीचा पारा त्याच आसपास असतो, त्यामुळे किनाऱ्यावर झाड नाताळला अर्धवट रंगलेलं असतं आणि जानेवारीच्या मध्यावर पूर्ण लाल होतं. त्यात काही बिघडलेलं नसतं, थोडं थांबायचं.

बिघडवतात ते खोकं घालणारे. संध्याकाळी साडेपाचला पश्चिमेची गॅलरी तापलेली असते, भिंत गरम असते. त्यात झाडावर खोकं किंवा काळं प्लास्टिक घातलं की आतली गरमी रात्री उशिरापर्यंत हटत नाही. नेमक्या ज्या तासांत गारवा हवा त्याच तासांत झाड शिजतं. इकडे झाकायचंच असेल तर सात वाजता झाकून सकाळी आठला काढा. तेरा तास भरपूर झाले. प्लास्टिक नको, जाड सुती कापड दुहेरी करून वापरा, आतला काळा आणि बाहेरचा पांढरा. कापड पानांना टेकू नये म्हणून कुंडीत चार काठ्या रोवून त्यावर टाका. जमिनीवर फरशी गार असते, कुंडी स्टँडवरून खाली उतरवा.

सकाळी कापड काढायला विसरलात तर मात्र दुहेरी नुकसान. दिवसा पाच-सहा तास चांगला उजेड मिळाला नाही तर फूल धरलं तरी लाल पानं हाताच्या अंगठ्याएवढीच राहतात.

कोथरूडची गॅलरी

दोघांचेही आभार. छाटणी उद्याच करते. दोन शंका. समोरचा दिवा खरंच नडतोय की नाही हे कसं तपासायचं? आणि अख्खं झाड झाकण्याऐवजी दिव्याच्या बाजूला नुसता आडोसा केला तर पुरेल का? पौर्णिमेचा उजेडही मोजायचा का?

मातीचे हात

पौर्णिमेची काळजी सोडा. कोजागिरीचं चांदणंसुद्धा एक लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आतच असतं, झाड त्याला धूप घालत नाही. रस्त्यावरच्या दिव्याखाली सहज दहा-वीस लक्स मिळतात आणि तेवढ्यानं फुलं लांबणीवर पडतात.

तपासायला उपकरण लागत नाही. रात्री अकरानंतर घरातले दिवे बंद करा, दहा मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या आणि वर्तमानपत्र झाडाच्या शेंड्याजवळ धरा. बातमीचा बारीक मजकूर वाचता आला तर उजेड नक्की जास्त आहे. फक्त मथळा वाचता आला तर काठावर. मथळाही दिसत नसेल तर झाकायची गरज नाही. जमिनीजवळ नाही, शेंड्याजवळच बघा. तिथे खाली कठड्याची सावली असते आणि वर लख्ख उजेड, असं बऱ्याच गॅलऱ्यांत होतं.

म्हणूनच आडोसा पुरू शकतो. कुंडी कठड्याला चिकटवून जमिनीवर ठेवली आणि कठडा भरीव असेल तर समोरच्या दिव्याचा प्रश्न बहुधा तिथेच मिटतो. जाळीचा कठडा असेल तर आतून फ्लेक्सचा काळा तुकडा किंवा पुठ्ठा बांधा. हॉलच्या बाजूला जाड पडदा सातला ओढायचा. एवढं करून पुन्हा वर्तमानपत्राची परीक्षा घ्या.

रोजची शिस्त महत्त्वाची. एखाद्या रात्री कुणी पाच मिनिटं दिवा लावला म्हणून वर्ष वाया जात नाही. पण सोमवार ते शुक्रवार झाकलं आणि शनिवार-रविवारी पाहुणे आले म्हणून उघडं ठेवलं, असं दर आठवड्याला झालं तर झाड निम्मं पानांकडे, निम्मं फुलांकडे असं अडकतं. मग शेंड्याला हिरवी-लाल चट्ट्यापट्ट्याची पानं येतात आणि पुढे सरकत नाहीत.

दिवाळी ऐन मोक्याच्या वेळी येते. फूल धरून रंग चढायचे हेच आठवडे, आणि आकाशकंदील तुळशीच्या लग्नापर्यंत उतरत नाही. कंदील बंद ठेवा असं कोण म्हणेल? कुंडी हलवा. तेवढे दिवस सायंकाळी बाथरूमच्या डक्टकडची बाल्कनी, दिवा नसलेला कोपरा, रात्री न वापरली जाणारी खोली, काहीही चालेल. सकाळी पुन्हा उन्हात. नोव्हेंबरअखेर वरची पानं पूर्ण लाल झाली आणि मधले गोळे स्पष्ट दिसायला लागले की झाकणं बंद. त्यानंतर उजेडानं फरक पडत नाही, नाताळच्या माळा खुशाल लावा.

प्रगती अशी दिसते. काळोख नीट सुरू झाला की पहिले तीन-चार आठवडे बाहेरून काहीच कळत नाही, इथेच लोक धीर सोडतात. पाचव्या-सहाव्या आठवड्यात अगदी वरच्या कोवळ्या पानांच्या शिरा तांबूस होतात. मग रंग झपाट्यानं चढतो.

पाव ग्रॅम

खताबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. 'फुलांचं खत' देऊन पॉइन्सेटियाला फूल धरायला लावता येत नाही. त्यातलं स्फुरद (फॉस्फरस) ओतून रात्र लांबत नाही. बाजारातल्या बाटल्यांवर काहीही छापलेलं असो.

खताचं काम झाड दणकट करणं एवढंच. छाटणीनंतर फुटवे दिसले की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत; आकडे याच क्रमानं) एक लिटर पाण्यात एक ग्रॅम, दर दहा दिवसांनी. ऑक्टोबरच्या मध्यापासून ते बंद करून १३:०:४५ त्याच प्रमाणात, पंधरा दिवसांनी. पानं पूर्ण रंगली की सगळं बंद. तेव्हा खत चालू ठेवलं तर क्षार साठून लाल पानांच्या कडा करपतात.

या झाडाला तीन गोष्टी इतरांपेक्षा जास्त लागतात. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि किंचित मॉलिब्डेनम. कॅल्शियम नायट्रेट लिटरला एक ग्रॅम, महिन्यातून दोनदा, रंग चढायच्या आधी. मॅग्नेशियमसाठी एप्सम सॉल्ट लिटरला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा. ही दोन्ही एकाच बादलीत कालवू नका, साका बसतो आणि झाडाला दोन्हीतलं काही मिळत नाही. मध्ये आठवडा जाऊ द्या. मॉलिब्डेनम कमी पडलं की मधल्या उंचीवरच्या पानांच्या कडा पिवळ्या होतात, वरची-खालची पानं हिरवीच असतात. लोक ते जास्त पाण्यानं झालं समजून पाणी तोडतात. सूक्ष्म अन्नद्रव्यांची पुडी घेताना लेबलवर मॉलिब्डेनम आहे का एवढं बघा.

पाणी: वरची इंचभर माती सुकली की भरपूर, खालून निथळेपर्यंत. मग पुन्हा सुकेपर्यंत काही नाही. रोज पेलाभर देणं सगळ्यात वाईट.

पानांच्या मागे पांढरी माशी असणारच, पॉइन्सेटिया तिचं लाडकं झाड आहे. छाटणीनंतर लगेच पानांची मागची बाजू पाण्याच्या फवाऱ्यानं धुवा, पिवळा चिकट सापळा लावा. निंबोळी तेल लिटरला पाच मिली, त्यात द्रव साबणाचे दोन-चार थेंब, आठवड्यातून एकदा संध्याकाळी. ऑक्टोबर उजाडायच्या आत माशी संपवा. रंगलेल्या पानांवर तेल पडलं की डाग कायमचे.

बर्फातली तुळस, न्यू जर्सी

इकडच्या मराठी लोकांसाठी थोडं, कारण वरचं वेळापत्रक इथे जसंच्या तसं चालत नाही.

उन्हाळ्यात झाड बाहेर ठेवता येतं, पण रात्री ५५ फॅरेनहाइटच्या (सुमारे १३ सेल्सियस) खाली जायला लागल्या की आत आणावंच लागतं. ते साधारण सप्टेंबरअखेर होतं. म्हणजे काळोखाचे आठ आठवडे पूर्णपणे घरात जातात आणि घरात दिवे असतात. खोक्याचा सल्ला इथल्या अशा घरांसाठी आहे. बाहेर ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच रात्र बारा तासांवर गेलेली असते, तेव्हा संध्याकाळी कुणी वापरत नाही अशी खोली असेल आणि खिडकीसमोर रस्त्याचा दिवा नसेल, तर तिथेच ठेवा, काही झाकू नका. नसेल तर संध्याकाळी पाच ते सकाळी आठ क्लॉझेटमध्ये, १ ऑक्टोबर ते थँक्सगिव्हिंग (नोव्हेंबरअखेरचा इथला सण). दिवसा दक्षिणेची खिडकी, काचेला पान टेकू न देता. हीटिंगच्या झरोक्यावर ठेवलं तर खालची पानं आठवडाभरात गळतात.

शेंडे खुडणं इथे १ सप्टेंबरला थांबवा. पुण्याइतकी मोकळीक नाही.

खारी हवा, ठाणे

कुणी विचारायच्या आधीच: कलांचो आणि ख्रिसमस कॅक्टसलाही हाच नियम लावतात, तो निम्माच बरोबर आहे. कलांचोही लांब रात्रीचं झाड आहे, सहा आठवडे सलग काळोख सांभाळला की कळ्या येतात. पण त्याला पाणी पॉइन्सेटियापेक्षा निम्मं. ख्रिसमस कॅक्टस जास्त गारव्यावर चालतो. रात्री १५ अंशांच्या खाली गेल्या तर त्याला रात्रीच्या लांबीचं फारसं पडलेलं नसतं. आमच्या दमट उकाड्यात तो जगवणं हाच मोठा पराक्रम, कळ्या पुढची गोष्ट. कळ्या आल्यावर कुंडी फिरवली किंवा माती कडक सुकली तर सगळ्या गळतात.

कोथरूडची गॅलरी

वर्तमानपत्राची परीक्षा घेतली. उभ्या स्टँडवर बारीक मजकूर वाचता येतो, खाली कठड्याजवळ मथळाही दिसत नाही. कुंडी खाली उतरवली. पण मग सकाळचं ऊन कठड्यामुळे अडेल ना? आणि शेवटचं, छाटलेल्या फांद्या लावता येतील का?

मातीचे हात

ऊन अडतंच. रात्री खाली, सकाळी स्टँडवर. आठ इंची कुंडी उचलायला जड वाटली तर खाली चाकांची पट्टी लावा आणि स्टँडऐवजी ऊन येतं तिथे सरकवा. सप्टेंबरअखेरपर्यंत याची गरज नाही, तोवर रात्रंदिवस वरच राहू द्या.

फांद्या जरूर लावा. हिरवे, न लाकडाळलेले शेंडे तीन-चार इंचांचे घ्या, खालची पानं काढा, चीक थांबेपर्यंत पाण्यात धरा, मग ओलसर कोकोपीट आणि परलाइट निम्मे-निम्मे अशा मिश्रणात खोचा. सावलीत, वर छिद्रं पाडलेली पारदर्शक पिशवी. तीन आठवड्यांत मुळं धरतात. दुकानातल्या झाडाला भरपूर फांद्या फुटण्याचा जो गुण असतो, तो त्याच्या अंगात राहणाऱ्या एका निरुपद्रवी सूक्ष्मजीवामुळे असतो आणि तो कटिंगमधून पुढच्या रोपात जातो. बियांपासून केलेलं रोप म्हणून सरळ उंच जातं. या कटिंगचा प्रत्येकी एकच शेंडा यंदा रंगेल, चार इंची कुंडीत टेबलावर ठेवण्याजोगा. त्यांना अजिबात खुडू नका.

मोठ्या झाडाची पुढची मुख्य छाटणी मार्चच्या सुरुवातीला, लाल पानं फिकी पडून गळायला लागली की. तेव्हा प्रत्येक फांदी तीन-चार डोळे ठेवून, साधारण पाच इंचांवर आणा. त्या वेळी पानं उरली नाहीत तरी चालेल, कारण हवा कोरडी असते. फक्त नवी फूट दिसेपर्यंत पाणी अगदी बेताचं. एप्रिल-मेमध्ये दुपारचं ऊन टाळा, जूनमध्ये पहिला शेंडा खुडा, जुलैअखेर दुसरा, ऑगस्टअखेर शेवटचा. यंदा अडीच फुटी काठ्या झाल्या त्या मधले दोन खुडे राहिले म्हणून.